समुद्राला खत कोण घालतं?

तुम्ही विचारलंय त्याचा सारांश असा. डिसेंबरात घरच्यांना घेऊन गुहागरला गेला होतात, रात्री लाटा फुटताना निळा उजेड दिसला. उतरला होतात तिथले घरमालक म्हणाले, हे प्लवक आहे, पाण्यात घाण वाढली की येतं. पुण्याला परतल्यावर नववीतल्या मुलीने कुठेतरी वाचलं की आपला दर दुसरा श्वास याच प्लवकांचा. तुमचं लहानपण बारामतीकडे उसाच्या फडात गेलेलं, म्हणून तुम्हाला भलतीच शंका आली: उसाला दर हंगामात नत्र, स्फुरद, पालाश द्यावं लागतं, नाहीतर पीक पिवळं पडतं. मग समुद्रात एवढं पीक कुणाच्या खतावर उभं राहतं? आणि वरून खत टाकून ते वाढवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होईल का?

वनस्पतीप्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगत उन्हावर वाढणारे सूक्ष्म जीव, आणि समुद्रातली पोषकद्रव्यं हेच माझं काम. उमेदीची वर्षं गोव्यात आणि जहाजांवर गेली, आता पुण्यात शिकवतो. तुमची शंका नेमक्या जागी बोट ठेवणारी आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

श्वासाचं आधी उरकतो, कारण ते वाक्य सगळीकडे फिरतं आणि अर्धवट आहे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा समुद्रातल्या वनस्पतीप्लवकांचा, हे खरं. वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन ती बांधतात. पण त्यातून सुटलेला जवळजवळ सगळा प्राणवायू समुद्रातच खर्च होतो, त्याच प्लवकांना खाणाऱ्या आणि कुजवणाऱ्या जिवांच्या श्वसनात. आपल्या हवेतला २१ टक्के प्राणवायू ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. मेलेल्या जिवांपैकी अगदी थोडे न कुजता गाळाखाली गाडले गेले, त्यांच्या वाटचा प्राणवायू हवेत उरला आणि साठत गेला. उद्या सगळी प्लवकं नाहीशी झाली तर आपला श्वास लगेच अडणार नाही. बाजारातून बांगडा आणि सुरमई मात्र फार लवकर गायब होतील.

आता पीक. उसाच्या फडात वर्षभर वाढलेलं सगळं एका जागी उभं दिसतं. समुद्रात तसं काहीच उभं नसतं. जगातल्या सगळ्या समुद्रांतल्या जिवंत वनस्पतीप्लवकांत एका वेळी जेमतेम १ अब्ज टनाच्या आसपास कार्बन असतो. जमिनीवरच्या झाडाझुडपांत तो ४५० अब्ज टनांच्या घरात आहे. तरी वर्षाचं उत्पादन दोघांचं जवळपास सारखं. दुपारी तीनला मार्केट यार्डात जाऊन गाळ्यांवर उरलेली मेथी मोजली तर पुणं रोज किती भाजी खातं ते कळणार नाही, तसंच हे. पेशी साधारण दिवसातून एकदा दुभागते, परिस्थिती चांगली असली तर काही डायटम (काचेच्या कवचाची एकपेशीय शैवालं) दोन-तीनदाही. आणि जेवढ्या पेशी वाढतात जवळजवळ तेवढ्याच रोज कुणाच्या तरी पोटात जातात. सगळा साठा आठवड्याभरात नवा होतो. म्हणून समुद्रात खत किती आहे यापेक्षा तेच खत किती वेळा फिरतं, हे आधी विचारावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

अडचण कुठे आहे ते बघू. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. खुल्या समुद्राच्या अगदी नितळ पाण्यातही शंभर-दीडशे मीटरखाली पृष्ठभागावरच्या उजेडाचा एक टक्काही पोचत नाही. कोकणातल्या गढूळ खाडीत ही मर्यादा काही मीटरांवरच येते. नत्र-स्फुरदाचा साठा मात्र जवळपास सगळा त्याखालच्या अंधारात.

जहाजावर हे डोळ्यांनी बघता येतं. लोखंडी चौकटीत गोलाकार बसवलेल्या बाटल्या तारेने हजार मीटर खाली सोडतात आणि वर ओढताना ठरावीक खोलीला एकेक बाटली बंद करतात. त्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळलेलं एक रूप, मोजायचं तर ते तांब्याचा थर दिलेल्या कॅडमियमच्या नळीतून सोडून त्याचं नायट्राइट करतात. मग दोन रसायनं घातली की गुलाबी रंग चढतो. नायट्रेट जितकं जास्त तितका रंग गडद. एप्रिलमध्ये अरबी समुद्राच्या मध्यावर घेतलेले नमुने खोलीच्या क्रमाने लावून बघा. पृष्ठभाग, १० मीटर, २० मीटर, ३० मीटर: परीक्षानळीत काही घातलंय असं वाटणारही नाही. साठ-सत्तरच्या आसपास एखादी फिकट गुलाबी. शंभरला रंग उघड दिसतो आणि त्याखाली तो राणी रंगाकडे जातो. वरच्या पाण्यात मोजण्याइतकंही नायट्रेट नाही, हजार मीटरला ते दर लिटरला ३० मायक्रोमोलच्या पुढे. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिला तास हाच देतो, कारण हा स्टँड एकदा पाहिला की पुढचं निम्मं शिकवावं लागत नाही. वर ऊन रग्गड पण खत नाही, खाली खत मुबलक पण ऊन नाही.

हे असं उलटं झालं ते प्लवकांमुळेच. पेशी बांधायला कार्बन, नत्र आणि स्फुरद ढोबळमानाने ठरावीक प्रमाणात लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की प्लवकांच्या शरीरातलं हे प्रमाण आणि खोल समुद्राच्या पाण्यातलं प्रमाण जवळपास जुळतं. आज पाठ्यपुस्तकांत १०६ अणू कार्बन, १६ नत्र, १ स्फुरद असा आकडा असतो. जुळण्याचं कारण असं की खोल पाण्यातलं बहुतेक नत्र-स्फुरद वरून आलेल्या प्लवकांच्या कुजण्यातूनच तिथे पोचलेलं असतं. मेलेल्या पेशी, विष्ठा, चिकट गुठळ्या खाली जातात. वाटेत जीवाणू त्यांच्यातल्या नत्राचं अमोनियम करतात, दुसरे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि ते अंधारातच पडून राहतं कारण तिथे ते उचलायला कुणी नाही.

पालाशाची काळजी समुद्रात करायला नको. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असतं, प्लवकांना ते संपवणं शक्य नाही. गंधक, मॅग्नेशियमही तसंच. गाडं अडतं ते नत्रावर, कुठे स्फुरदावर, कुठे लोहावर, आणि डायटमच्या बाबतीत सिलिकावर, कारण डायटम स्वतःभोवती काचेचं कवच बांधतो.

सगळंच खाली गेलं असतं तर वरचा समुद्र कधीच ओसाड झाला असता. तो होत नाही, कारण बहुतेक माल वरच्या थरातच परत परत वापरला जातो. हा फेरा पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. कोपेपॉड नावाचा मिलिमीटरभर लांबीचा प्राणिप्लवक काचपट्टीवर ठेवला की त्याच्या पारदर्शक अंगातून हिरवी-तपकिरी आतडी दिसते, म्हणजे सकाळचा चारा. थोड्या वेळाने मागून पातळ पापुद्र्यात बांधलेली विष्ठेची कांडी बाहेर येते, आणि भिंग मोठं केलं तर त्या कांडीत फुटलेली डायटमची कवचं ओळखू येतात. सुटी छोटी पेशी दिवसाला एखादा मीटरही बुडत नाही. ही कांडी मात्र शंभर मीटरही जाऊ शकते. पण कोपेपॉडने खाल्लेल्यातला बराच नत्र कांडीत नसतोच. तो त्याच्या अंगातून अमोनियम म्हणून थेट पाण्यात सुटतो, आणि शेजारच्या उपाशी पेशी काही तासांत तो ओढून घेतात. त्यांना नायट्रेटपेक्षा अमोनियम सोयीचं पडतं. नायट्रेट वापरायचं तर आधी त्याचं अमोनियम करायला ऊर्जा खर्चावी लागते.

यात आणखी दोन मंडळी आहेत, ती जाळ्यात सापडत नाहीत म्हणून कित्येक दशकं हिशेबातच नव्हती. समुद्राच्या वरच्या पाण्यात दर मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास जीवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दसपटीने. विषाणू पेशी फोडतात, आतला रस पाण्यात मिसळतो, जीवाणू तो पितात, जीवाणूंना एकपेशीय प्राणी खातात आणि पुन्हा अमोनियम, पुन्हा फॉस्फेट. १९८३ मध्ये फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी या चक्राचं चित्र नीट मांडलं, तेव्हापासून ‘गवत, बोकड, वाघ’ छापाची साधी अन्नसाखळी समुद्राला लावणं बंद झालं. शाळेच्या पुस्तकांत ती अजून तशीच आहे, तो भाग वेगळा.

म्हणून आम्ही उत्पादनाचे दोन भाग करतो. खालून नव्याने आलेल्या नायट्रेटवर झालेलं ते नवं उत्पादन, आणि तिथल्या तिथे फिरणाऱ्या अमोनियमवर झालेलं ते पुनरुत्पादित. डगडेल आणि गोअरिंग यांनी १९६७ मध्ये जड नत्राचा (नत्राच्या जास्त वजनाच्या अणूंचा) वापर करून ही विभागणी मोजायची पद्धत दिली. उष्ण कटिबंधातल्या शांत निळ्या समुद्रात प्लवकं वापरतात त्या नत्रातला दहात आठ-नऊ भाग फिरता असतो; जिथे खालचं पाणी जोरात वर येतं तिथे नव्याचा वाटा निम्म्याच्याही पुढे जातो. मासेमारी आणि खोल समुद्रात जाणारा कार्बन ही दोन्ही गणितं या नव्या भागावर चालतात. जेवढं नवं आत आलं, तेवढंच व्यवस्थेला धक्का न लावता बाहेर काढता येतं.

कोण वाढणार हेही यावरच ठरतं. नत्र जेमतेम असेल तर लहान पेशी जिंकते, कारण आकाराच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा आणि खरवडून खाण्याची ताकद जास्त. प्रोक्लोरोकॉकस ही जेमतेम ०.६ मायक्रोमीटरची पेशी, पृथ्वीवर संख्येने सर्वाधिक असलेला प्रकाशसंश्लेषी जीव, आणि तिचा शोध लागला १९८० च्या दशकात! तोवर ती आमच्या गाळणकागदांतून आणि नजरेतून निसटत होती. उलट खत एकदम ढिगाने आलं की डायटमची चलती. ते झपाट्याने वाढतात, साठवून ठेवतात, साखळ्या करतात. आणि खत संपलं की गुठळ्या होऊन तितक्याच झपाट्याने बुडतात.

मग खालचं खत वर आणतं कोण? मुख्यतः वारा, आणि आपल्याकडे वारा म्हणजे मोसमी वारा. जूनपासून नैऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर सुसाट वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्या जागी खालचं गार, नायट्रेटने भरलेलं पाणी येतं. भर उन्हाळी प्रदेशात समुद्राचं तापमान काही अंशांनी उतरतं. आपल्या बाजूला हे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला होतं, उत्तरेकडे येईतो त्याचा जोर ओसरतो. तिथल्या तारलीच्या थव्यांचं नशीब या पाण्यात उगवणाऱ्या फ्रॅजिलेरिया ओशियानिका या डायटमशी बांधलेलं आहे, हे मद्रासच्या मत्स्यखात्यातल्या मंडळींनी १९२० च्या दशकातच ओळखलं होतं. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत कोळी होड्या शाकारून ठेवतात त्याच दिवसांत समुद्रात पेरणी चालू असते म्हणा ना.

अरबी समुद्राचं वेगळेपण असं की त्याला दुसरा हंगामही मिळतो. हिवाळ्यात, पुण्यात स्वेटर बाहेर निघतात त्या दिवसांत, उत्तर अरबी समुद्रावरून ईशान्येचे कोरडे गार वारे वाहतात. बाष्पीभवन होऊन वरचं पाणी खारट आणि थंड, म्हणजे जड होतं आणि बुडतं. शंभर मीटरच्या आसपासपर्यंत सगळा थर ढवळला जातो आणि नायट्रेट वर येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवली. बंगालच्या उपसागराला ही चैन नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर पसरलेलं असतं, ते फोडून खालचं वर आणणं वाऱ्याला जमत नाही. त्यामुळे एवढ्या नद्या मिळूनही तो अरबी समुद्रापेक्षा कमी सुपीक आहे.

मार्च ते मे या मधल्या दिवसांत अरबी समुद्र काचेसारखा शांत होतो आणि वरचं खत संपतं. तेव्हा ट्रायकोडेस्मियम येतो. हा सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) हवेतला, म्हणजे पाण्यात विरघळलेला नत्र स्वतःच पकडतो. त्याचे पिवळट-तपकिरी पट्टे पाण्यावर मैलभर तरंगताना दिसतात. डाळीच्या पिकाच्या मुळांवर गाठी असतात त्यांतले जीवाणू जे करतात तेच रसायन इथे चालतं, आणि त्यासाठी लोह भरपूर लागतं. ते अरबस्तानातून उडून येणाऱ्या धुळीतून मिळतं.

आता तुमची निळी लाट. ती बहुधा नॉक्टिल्युकाची होती. जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना कणासारखा दिसणारा पारदर्शक गोळा. पाणी हललं की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ चमकतो. गंमत म्हणजे त्याचा लाल प्रकार वनस्पतीप्लवक नाहीच. त्याला स्वतःचं हरितद्रव्य नसतं, तो डायटम आणि कोपेपॉडची अंडी गिळून जगतो. हिरव्या प्रकाराच्या पोटात हिरव्या शैवालपेशी पोहत असतात, त्यामुळे तो दोन्हीकडून जेवतो. नॉक्टिल्युकाचे तवंग म्हणजे सांडपाणी आलंच, असं मानायला आधार नाही. मलबार किनाऱ्यावर १९५० च्या सुमाराच्या नोंदी आहेत, आणि डायटम चांगले पिकले की त्यांच्यामागे हा येणं स्वाभाविक आहे. उत्तर अरबी समुद्रात मात्र या शतकाच्या सुरुवातीपासून हिरव्या नॉक्टिल्युकाने हिवाळ्यात डायटमची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली, हे खरं. काही संशोधक त्याचा दोष वर येणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याला देतात, काही सिलिका कमी पडण्याला. दोन्ही बाजूंचे पुरावे मी वाचले आहेत. मला सिलिकाची बाजू जास्त पटते, पण वाद मिटलेला नाही. घरमालकांचं म्हणणं सर्रास खरं नाही, एवढं नक्की. पण तवंग दाट असेल तर त्या पाण्यात पोहू नका. नॉक्टिल्युका तरंगायला अंगात अमोनियम साठवतो, आणि मेल्यावर ते पाण्यात सुटतं.

कमी प्राणवायूचा विषय निघालाच आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नसतो, कारण वरून पडणारा माल भरपूर आणि ताजं पाणी पोचायला अवघड. तिथले जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि त्याचा नत्रवायू करून टाकतात. मघाच्या गुलाबी नळ्या आठवा. दोन-तीनशे मीटरचं पाणी कॅडमियमच्या नळीतून न काढताही गुलाबी होतं, कारण त्यात नायट्राइट आधीच तयार आहे. हे दिसलं की समजायचं, इथे खत जळतंय. खुल्या समुद्रात असं मोठ्या प्रमाणावर होण्याची ठिकाणं जगात तीनच: पूर्व प्रशांत महासागराचे उत्तर आणि दक्षिण पट्टे, आणि आपला अरबी समुद्र. यातून नायट्रस ऑक्साइडही सुटतो, आणि तो एकेका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडवतो.

म्हणून वरून खत टाकायच्या कल्पनेकडे मी साशंक नजरेने बघतो. तिचा इतिहास रंजक आहे. जगात काही समुद्र असे आहेत की नायट्रेट भरपूर असूनही प्लवकं कमी, उदाहरणार्थ अंटार्क्टिकाभोवतीचा. तिथे लोह कमी पडतं, हे जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलं. अर्धा टँकर लोह द्या, मी हिमयुग आणून देतो, असं ते गमतीने म्हणाले होते. १९९३ पासून समुद्रात लोह टाकून पाहण्याचे प्रयोग झाले आणि बहुतेक ठिकाणी पाणी खरोखर हिरवं झालं.

त्यातला एक आपला आहे. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह टाकलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स, त्यातला ‘लोह’ आपलाच. दोनेक आठवड्यांत प्लवकं दुप्पट झाली आणि मग वाढ थांबली. त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवलेली होती, त्यामुळे जड कवचाचे डायटम वाढलेच नाहीत. जे छोटे जीव वाढले त्यांचा कोपेपॉडनी फडशा पाडला, कोपेपॉडना अ‍ॅम्फिपॉड नावाचे मोठे प्राणिप्लवक खाऊ लागले, आणि खोल समुद्रात जाणाऱ्या कार्बनमध्ये सांगण्यासारखी भर पडली नाही. शेतकऱ्याला हे नवं नाही: युरिया कितीही टाका, जे सर्वांत कमी आहे तेच उत्पन्न ठरवतं. शेतात पीक कापून तुम्ही घरी नेता, इथे ते कुणी खाल्लं आणि कुठे कुजलं यावर सगळं ठरतं. वर कुजलं तर कार्बन डायऑक्साइड परत हवेत. हजारो मीटर खाली कुजलं तर काही शतकं बाहेर येत नाही. समुद्रात एकूण तयार होणाऱ्यापैकी तळापर्यंत पोचतं जेमतेम एक टक्का. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी २००८ मध्ये ठराव केला की असे प्रयोग संशोधनापुरतेच असावेत. मला तो योग्य वाटतो. अरबी समुद्रात तर खत वाढवणं म्हणजे खालचा गुदमरलेला पट्टा आणखी गुदमरवणं.

खरी काळजी उलट बाजूची आहे. समुद्र वरून तापला की वरचं पाणी आणखी हलकं होतं आणि खालच्याशी मिसळायला नाखूश होतं. पाषाणच्या आपल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की गेल्या सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरात वनस्पतीप्लवकं २० टक्क्यांपर्यंत घटली असावीत, आणि कारण हेच. त्यांच्याच आधीच्या कामानुसार १९०१ ते २०१२ या काळात या भागाचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. २००५ मध्ये मात्र याच्या नेमका उलटा, म्हणजे अरबी समुद्राच्या पश्चिम भागात प्लवकं वाढत असल्याचा दावा झाला होता; पुढे जास्त वर्षांच्या नोंदी आल्यावर तो टिकला नाही. उपग्रहाला पाण्याच्या रंगावरून फक्त वरचा थर कळतो, पन्नास-साठ मीटरवर दडलेला हिरवा पट्टा दिसत नाही, त्यामुळे या आकड्यांकडे पाहताना थोडी सबुरी हवी. दिशेबद्दल मात्र मला फारशी शंका नाही.

पुण्याचं सांडपाणी कोकणच्या समुद्रात जातं का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. अरबी समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असला तरी मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वाटेत उजनी आहे. पुण्याचं बरंचसं नत्र-स्फुरद तिथेच शैवाल आणि जलपर्णी होऊन जातं. अपवाद मुळशीचा: ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि कुंडलिकेतून ते रेवदंड्याच्या खाडीला जातं. धरणांचा समुद्रावर होणारा परिणाम वेगळ्या वाटेने येतो. सह्याद्रीचा काळा दगड लवकर झिजतो आणि त्यातून सुटलेली सिलिका नद्या वाहून नेतात. पाणी धरणात थांबलं की गोड्या पाण्यातले डायटम ती वापरतात आणि गाळात बसतात. नत्र माणसं वाढवतात, सिलिका धरणं अडवतात, आणि खाडीच्या तोंडाशी डायटमची बाजू लंगडी पडते.

मुलीला यावर शाळेचा प्रकल्प करायचा असेल तर समुद्र गाठायची गरज नाही. मुळशीच्या वरच्या अंगाला एखाद्या वाहत्या ओढ्यातला, पावसाळा संपल्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाण्याखाली असलेला तळहाताएवढा दगड घ्या. त्यावर तपकिरी बुळबुळीत थर असेल, तो जुन्या टूथब्रशने घासून थोड्या पाण्यात उतरवा. एक थेंब काचपट्टीवर, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं ४० पट भिंग पुरतं. होडीच्या आकाराचे, सोनेरी, सरपटत पुढे-मागे जाणारे दिसले की ते डायटम. तसाच दगड शहराच्या खालच्या बाजूला, नदीतून घेऊन दोन्ही थेंब शेजारी ठेवा. जाती बदललेल्या दिसतील आणि प्रकल्पाचा विषय आपोआप मिळेल. त्या दुसऱ्या दगडाला हात लावताना हातमोजे घाला. ओळख पटवायला अडलं तर आगरकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं, तिथे शाळेमार्फत विचारता येईल. नमुना लगेच पाहणं जमणार नसेल तर फिकट चहाचा रंग येईपर्यंत आयोडीनचे थेंब घालून अंधारात ठेवा, काही आठवडे टिकेल. मात्र त्यातलं काही सरपटताना दिसणार नाही, म्हणून निदान एक थेंब त्याच दिवशी पाहून घ्या.